चेंडू सुटण्याच्या आधी

टेनिसचा सामना रंगात आला की पाहणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते – ‘काय नजर आहे हो याची!’ पलीकडच्या गड्याने तोफगोळ्यासारखी सर्व्हिस करावी, अलीकडच्याने ती तितक्याच झोकात परत लावावी, आणि आपण घरात खुर्चीवर बसून चहाचे घोट घेत त्याच्या डोळ्यांची तारीफ करावी, हा आता घरोघरचा परिपाठ झाला आहे. या वाक्यात कौतुक आहे खरे, पण त्यात एक गैरसमजही दडलेला आहे. आणि तो नुसता खेळाच्या मैदानापुरता राहत नाही. आपल्या मुलाबाळांविषयी आपण जे बरेवाईट निकाल देऊन टाकतो, त्यांतही तो डोकावतो. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट समोर घ्या आणि माझ्याबरोबर थोडा हिशेब करा.

अर्ध्या सेकंदाचे अंदाजपत्रक

टेनिसचे कोर्ट एका बेसलाइनपासून दुसऱ्या बेसलाइनपर्यंत ७८ फूट, म्हणजे सुमारे पावणेचोवीस मीटर लांब असते. आजचे चांगले पुरुष खेळाडू ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सर्व्हिस करतात. अमेरिकेच्या जॉन इस्नरने तर २०१६ साली डेव्हिस चषकाच्या सामन्यात ताशी २५३ किलोमीटर वेगाची सर्व्हिस केली होती. आपण त्याच्या वाटेला न जाता २०० च धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. हवेच्या अडथळ्याने आणि टप्पा पडल्यावर चेंडूचा वेग पुष्कळ उतरतो. ते सारे जमेस धरले तरी परतवणाऱ्याच्या पदरात अर्धा सेकंद, फार तर त्याहून थोडा अधिक वेळ पडतो.

आता खर्चाची बाजू पाहा. समोर दिवा लागताच बटण दाबायचे, एवढ्या सोप्या कामालाही धडधाकट माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. दिवे दोन आणि बटणे दोन असली, म्हणजे ‘डावे की उजवे’ ठरवायचे असले, की आणखी वेळ जातो. त्यानंतर पाऊल उचलायचे, खांदे वळवायचे, रॅकेट मागे न्यायची, पुढे आणायची आणि नेमक्या क्षणी, नेमक्या जागी चेंडूला भिडवायची. पगार हाती पडताच वाणी, दूधवाला आणि घरभाडे यांतच तो संपावा, आणि मुलांची फी अजून बाकीच असावी, तसा हा प्रकार. चेंडू सुटल्यावर विचार सुरू करणाऱ्याचे अंदाजपत्रक तुटीचेच येणार.

आणि तरीही सर्व्हिस परत येते! एकदा नव्हे, सामन्यातून कितीतरी वेळा येते. मग हा जादा वेळ खेळाडू कोणाकडून उसना आणतो?

चपळाईची परीक्षा

सगळ्यांना सुचणारे उत्तर असे, की थोर खेळाडूंची गोष्टच वेगळी. आपल्याला जिथे एक पंचमांश सेकंद लागतो, तिथे त्यांना त्याच्या निम्मा वेळ पुरत असेल. हे उत्तर पटण्याजोगे आहे, पण ते परीक्षेला उतरले नाही.

पीटर मॅक्लाउड या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली क्रिकेटच्या फलंदाजांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने खेळपट्टीवरच्या मॅटखाली लाकडी पट्ट्या लपवून ठेवल्या. टप्पा पडल्यावर चेंडू इकडे जाईल की तिकडे, हे कोणालाच आधी कळू नये अशी ती व्यवस्था होती. समोर आंतरराष्ट्रीय दर्जाचे फलंदाज होते. चित्रफीत तपासल्यावर दिसले, की टप्प्यानंतर चेंडूने दिशा बदलली की बॅटची दिशा बदलायला त्यांनाही सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे तुमच्या-आमच्याइतकाच!

दुसरा दाखला अमेरिकेतला आहे आणि तो मोठा गमतीचा आहे. तिथला बेसबॉलचा चेंडूफेक्या साडेसाठ फुटांवरून चेंडू फेकतो आणि नामांकित फलंदाज तो मैदानाबाहेर भिरकावून देतात. २००४ साली एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच ही सॉफ्टबॉलची खेळाडू त्यांच्यासमोर उभी राहिली. ती ४३ फुटांवरून, हात खालून फिरवून चेंडू टाकणारी. अंतर कमी, वेगही कमी; फलंदाजाला मिळणारा वेळ जवळपास तेवढाच. पण अल्बर्ट पुहोल्ससारख्या कसलेल्या फलंदाजालाही तिचा चेंडू लागेना. तो चक्क बाद झाला. डोळे तेच, हात तेच, चपळाईही तीच. फरक एवढाच, की जन्मभर ज्या खांद्याच्या आणि मनगटाच्या हालचाली पाहून तो चेंडूचा अंदाज बांधत आला होता, त्या तिच्याजवळ नव्हत्या. तिची लिपीच निराळी होती.

लिपी हाच शब्द इथे नेमका बसतो. मोठा खेळाडू चेंडूच्या वेगावर मात करत नाही. चेंडू सुटण्याच्या आधीच तो समोरच्या माणसाचे शरीर वाचतो.

याचा पुरावा टेनिसमध्येच सापडला. १९७८ साली जोन्स आणि माइल्स या दोघा ब्रिटिश संशोधकांनी सर्व्हिसची चित्रफीत दाखवताना ती मध्येच थांबवली आणि ‘सांगा, चेंडू कुठे पडणार?’ असा प्रश्न पाहणाऱ्यांना विचारला. एकदा तर त्यांनी रॅकेट चेंडूला लागण्याच्या किंचित आधीच फीत तोडली. नवख्यांचे उत्तर म्हणजे निव्वळ नाणेफेक. पण मुरलेले प्रशिक्षक त्या अवस्थेतही नाणेफेकीपेक्षा निश्चित चांगले उत्तर देत होते. चेंडू अजून सुटलेलाही नव्हता!

डोलीचे जाळे आणि कोपऱ्यातला गडी

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे गाव आहे. आमच्या गावात टेनिसचे कोर्ट नाही. पण हे सारे वाचताना मला मुळीच नवल वाटले नाही, कारण या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे तत्त्व रोज दिसते.

आमच्याकडचे कोळी डोलीचे जाळे लावतात. पिशवीसारखे हे जाळे समुद्रात एका जागी पक्के बांधायचे आणि त्याचे तोंड ओढीच्या समोर ठेवायचे, की पाण्याबरोबर वाहत आलेली मासळी आपोआप आत शिरते. उधाणाच्या दिवसांत ओढ जोराची, भांगाच्या दिवसांत मंद. भरती कधी फिरणार, हे तांडेलाला तोंडपाठ. तो मासळीमागे धावत नाही. मासळी जिथे येणार, तिथे आधी जाऊन जाळे उघडून बसतो. चांगला टेनिसपटू रॅकेट अशीच लावतो.

दुसरा दाखला कबड्डीचा. रायगडच्या किनाऱ्यावर कबड्डीचा संघ नाही असे गाव शोधावेच लागेल. चढाई करणारा गडी हात पुढे काढतो, मान वळवतो, हुलकावण्या देतो. नवखा पोर त्या हातामागे फसतो. पण कोपऱ्यातला जुना गडी हाताकडे बघतच नाही. त्याचे लक्ष चढाईवाल्याच्या कमरेकडे आणि ज्या पायावर भार आहे त्या पायाकडे असते. हाताला खोटे बोलता येते. अंगाचा भार ज्या पायावर आहे, त्याला खोटे बोलणे जड जाते. तो पाय मोकळा झाला, की पकड बसलीच म्हणून समजा.

आणि कशाला हवा समुद्र नि कशाला हवे मैदान? आत्ता तुमच्या स्वयंपाकघरात चकल्या तळल्या जात असतील, तर जरा डोकावून पाहा. कढईतले बुडबुडे कमी होऊ लागले, तेलाचा आवाज बदलला, की आजी झारा उचलते. घड्याळ कोणी लावलेले नसते. नव्या सुनेला मात्र रंग दिसेपर्यंत कळत नाही, आणि रंग दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

परतवणारा पाहतो तरी काय?

सर्व्हिस करणारा चेंडू वर उडवतो, तिथून वाचन सुरू होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू जरा उजवीकडे उडवला, तर तो बाजूने कापलेली, बाहेर वळणारी सर्व्हिस करण्याचा संभव अधिक. चेंडू डोक्यावर किंवा किंचित डावीकडे गेला, तर टप्प्यानंतर उंच उसळणारी. सरळ पुढे गेला, तर सपाट आणि वेगवान. मग खांदे किती वळले, दंड कसा वर आला, शेवटी रॅकेटचे तोंड कुठे वळले, हे सारे पाहायचे. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस अ‍ॅबर्नेथी यांनी १९८७ मध्ये बॅडमिंटनमध्ये दाखवून दिले, की नवख्याला फक्त रॅकेटवरून काय तो बोध होतो. मुरलेल्या खेळाडूला त्याआधीच दंडाच्या हालचालीतून चाहूल लागते. म्हणजे तो पत्र पोहोचण्यापूर्वी पाकिटावरूनच मजकूर ओळखतो.

याला जोड असते हिशेबाची. हा गडी अडचणीत सापडला की कुठे मारतो? पहिली सर्व्हिस चुकल्यावर दुसरी किती जपून करतो? मागच्या दहा सर्व्हिसमध्ये त्याने काय केले? ही वही परतवणाऱ्याच्या डोक्यात सतत उघडी असते.

मग येते ती छोटीशी उडी. रॅकेट चेंडूला भिडण्याच्या सुमारास परतवणारा दोन्ही पायांवर जागच्या जागी उसळतो आणि दिशा उमगताच त्या बाजूला रेटा देत खाली येतो. थांबलेल्या गाडीला ढकलणे कठीण, हलत्या गाडीला सोपे, तशातलाच हा प्रकार.

आणि डोळे? ‘चेंडूवरून नजर काढू नकोस’ असे आपण मुलांना सांगतो. पण माइक लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा निराळेच दिसले. चेंडू सुटल्यावर क्षणभर त्याच्याकडे पाहून डोळा पुढे उडी मारतो आणि चेंडू जिथे टप्पा घेणार, तिथे आधीच जाऊन थांबतो. फलंदाज जितका सरस, तितकी ही उडी लवकरची.

जिभेचे गुपित

या वाचनकलेची सर्वांत खमंग गोष्ट आंद्रे अगासीने सांगितलेली आहे. बोरिस बेकरच्या सर्व्हिसपुढे सारे जग हतबल होते. अगासीही त्याच्याशी पहिले तीन सामने हरला. मग त्याने बेकरच्या सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि त्याला दिसले, की सर्व्हिस करण्यापूर्वी बेकर जीभ बाहेर काढतो. जीभ ओठांच्या मधोमध असली तर एक दिशा, कोपऱ्यात असली तर दुसरी! पुढे या दोघांच्या सामन्यांचे पारडे अगासीकडे झुकले. अगासी म्हणतो, की सर्व्हिस परतवणे अवघड नव्हते. आपल्याला गुपित कळले आहे हे बेकरला न कळू देणे अवघड होते. म्हणून ते ज्ञान तो मोक्याच्या गुणापुरतेच वापरी. दोघे निवृत्त झाल्यावर त्याने ते बेकरला सांगितले, तेव्हा बेकर खुर्चीवरून पडायचाच काय तो राहिला.

अर्थात वाचणारा आहे तिथे लपवणाराही असणारच. पीट सँप्रस लहान असताना त्याचे प्रशिक्षक पीट फिशर चेंडू हवेत उडाल्यावर मग कोणती सर्व्हिस करायची ते ओरडून सांगत. त्यामुळे सँप्रसचा चेंडू दर वेळी एकाच तऱ्हेने वर जाई आणि समोरच्याला वाचायला काही उरत नसे. आपल्या मराठी माणसांत या लपवण्याच्या कलेचे उस्ताद नंदू नाटेकर. सांगलीच्या या खेळाडूचा पहिला ओढा टेनिसकडे होता. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ साली मलायातील सेलंगोर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांचे मनगट शेवटच्या क्षणापर्यंत काहीच बोलत नसे. घरातला टेनिसचा धागा मात्र तुटला नाही. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले.

डावखुऱ्या खेळाडूंचे कोडेही इथेच सुटते. जर्मनीच्या नॉर्बर्ट हागेमान यांनी २००९ मध्ये दाखवले, की डावखुऱ्याचा फटका कुठे जाणार हे ओळखणे उजव्यांनाच नव्हे, तर डावखुऱ्यांनाही कठीण जाते. कारण सोपे आहे. डावखुरे कमी, म्हणून त्यांची लिपी वाचण्याचा सरावही कमी.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. वाचता आले म्हणजे सारे जमले असे नाही. पुण्यात बालेवाडीला जानेवारी २०१९ मध्ये महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना झाला. एका बाजूला २०३ सेंटिमीटर उंचीचा केव्हिन अँडरसन, दुसऱ्या बाजूला २११ सेंटिमीटर उंचीचा, चाळिशीला टेकलेला इव्हो कार्लोविच. एवढ्या उंचीवरून येणारा चेंडू दिशा ओळखली तरी हाताला लागत नाही. तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत गेले आणि शेवटचा टायब्रेकर ७-५ असा जिंकून अँडरसन विजयी झाला. तेव्हा अंगाचाही वाटा आहेच. पण तो आपण समजतो तेवढा मोठा नाही.

‘मंद’ हा शब्द

आता मघाशी म्हटले ते मुलाबाळांचे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची मुंबईहून आजोळी आली, ती हिरमुसली होऊनच. वय बारा, डोळ्यांवर चष्मा. ती जिथे टेनिस शिकायला जात असे, तिथल्या शिक्षकांनी तिच्या आईला सांगितले होते, की मुलीची हालचाल मंद आहे, तिला दुसरे काहीतरी लावा. आमच्या ताईनेही ते मुकाट्याने मान्य केले. ‘आपल्या घराण्यातच नाही रे ते,’ ती मला म्हणाली.

घराण्यात नाही हे खरे. पण कॉलेजात असताना मी थोडेफार टेनिस खेळलो होतो. ओहोटीला आमच्या किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट होते. दोन बांबू रोवून दोरी बांधली, काठीने रेघा ओढल्या आणि भाचीला म्हटले, ‘तू चेंडू मारायचाच नाही. मी सर्व्हिस करण्याआधी नुसते ओरडायचे – डावी की उजवी. चेंडू सुटल्यावर ओरडलीस तर ते धरायचे नाही.’

पहिले चार दिवस तिची उत्तरे म्हणजे नाणेफेकच. मग शेजारचा एक मुलगा बघायला येऊन बसू लागला. गावच्या संघात तो कोपऱ्यात खेळतो. टेनिसची रॅकेट त्याने जन्मात हाती धरलेली नव्हती. दुसऱ्याच संध्याकाळी तो म्हणाला, ‘काका, बाहेर मारायचं असलं की तुमचा पुढचा पाय आधीच वळतो.’ मला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता! भाचीने त्या दिवशी माझ्या पायाकडे पाहिले, मग खांद्याकडे, मग वर जाणाऱ्या चेंडूकडे. महिना संपताना ती बहुतेक वेळा बरोबर ओरडत होती. ‘मामा, आता तुम्ही लपवून मारा,’ असे तिचे आव्हान! मग रॅकेट हाती दिली, तेव्हा गंमत अशी झाली, की तिला पुष्कळ वेळ आहे असे वाटू लागले. चेंडू तोच, मुलगी तीच, चष्माही तोच.

माझी सर्व्हिस म्हाताऱ्याची, चेंडू सावकाश. हे मला पक्के ठाऊक आहे. भाची विम्बल्डनला जाईल असेही मी म्हणत नाही. पण मुंबईला परत गेल्यावर तिने टेनिस सोडले नाही. यंदा ती शाळेकडून दुहेरीत खेळली. ‘मंद’ हा शब्द मात्र तिने इथेच आमच्या वाळूत टाकून दिला, आणि भरतीने तो नेला.

शिकवणीला मुले घालताना आपण यंत्राचे फार कौतुक करतो. चेंडू फेकणारे यंत्र हाताला वळण लावते, यात शंका नाही. पण यंत्राला खांदा नाही, पाय नाही, जीभ तर नाहीच. त्याच्याकडून वाचायला शिकता येत नाही. त्यासाठी समोर माणूस हवा, तोही एक नव्हे, अनेक. निरनिराळ्या अंगकाठीचे, उजवे आणि डावे, सरळ आणि कपटी. ज्या मुलाला अशी माणसे बघायला मिळाली नाहीत, त्याची चपळाई कमी आहे असे म्हणणे म्हणजे पुस्तक हाती न देताच त्याला निरक्षर ठरवणे होय.

आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. सोनाराची नजर, वैद्याची नजर, तांडेलाची नजर असे आपण म्हणतो, आणि ‘नजर तयार होते’ असेही म्हणतो. जन्मतः मिळते ती दृष्टी. नजर तयार करावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी सामना लावाल, तेव्हा सर्व्हिस करणाऱ्याला सोडून द्या आणि परतवणाऱ्याकडे पाहा. चेंडू हवेत उडताना त्याचे डोळे कुठे आहेत, ती छोटीशी उडी तो केव्हा घेतो, ते टिपा. शेजारी बसलेल्या मुलाला विचारा, ‘सांग पाहू, कुठे जाणार?’ उत्तर चुकेल, पुन्हा चुकेल. चुकू द्या. तयारीची सुरुवात तिथूनच होते.